डबा उघडेपर्यंत त्याचे काय होते? शाळांना खुले पत्र

प्रति,
डब्याचे आणि खाऊचे नियम ठरवणारे मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

डब्याबद्दल शाळेचे पत्रक घरी येते, त्यात बहुतेक वेळा एक यादी असते. चॉकलेट नको, तळलेले नको, पाकीटबंद नको, शेंगदाणे नकोत, वाढदिवसाला खाऊ आणू नये. वर्षागणिक या यादीत भर पडत जाते. आता यादीबरोबर तपासणीही आली आहे. सकाळी वर्गात डबे उघडून पाहायचे, न चालणारा पदार्थ काढून ठेवायचा, वहीत पालकांसाठी शेरा लिहायचा. हे आम्हाला मुकाट्याने मान्य करता येत नाही, म्हणून हे पत्र. उघडपणे लिहितो आहोत, कारण प्रश्न एका शाळेचा नाही आणि इतर पालकांनी व शिक्षकांनीही त्यावर विचार करावा असे वाटते.

रोज सकाळी डबा भरून मूल आपल्या हवाली करणारे आम्ही लोक आहोत. आमच्यातले काही जण अन्नसुरक्षेच्या आणि बालआहाराच्या क्षेत्रात काम करतात. नियमच नकोत, असे आमचे म्हणणे नाही. मुलांनी नीट खावे असे आपल्याला वाटते, तसेच आम्हालाही वाटते. पण आपले नियम फक्त डब्यात काय आहे तेवढेच बघतात. डबा किती तास आणि कुठे पडून राहतो, खायला प्रत्यक्षात किती मिनिटे मिळतात, नळापाशी साबण असतो का, एखाद्या मुलाला ॲलर्जीचा तीव्र झटका आला तर पहिल्या पाच मिनिटांत कोणी काय करायचे, याबद्दल त्यांत चकार शब्द नसतो. आणि नेमक्या याच गोष्टी शाळेच्या हातातल्या आहेत.

पहिली आणि सर्वात मोठी तक्रार तापमानाची.

सकाळी सातला भरलेला डबा साडेबाराला उघडला तर मध्ये साडेपाच तास जातात. आजार देणारे बहुतेक जंतू ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान झपाट्याने वाढतात. शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांहून जास्त ठेवू नये, ही जागतिक आरोग्य संघटनेची साधी सूचना आहे. हवाच ३२ अंशांच्या वर गेली असेल, तर अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सूचनेप्रमाणे ही मुदत एका तासावर येते. दप्तरे उन्हाने तापणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवली असतील तर आतले अन्न वर्गातल्या हवेपेक्षाही गरम होते.

आता ‘घरी शिजवलेले ताजे अन्नच पाठवावे’ ही पत्रकातली ओळ या साडेपाच तासांच्या हिशेबात बसवून पाहा. ओलसर आणि शिजवलेले अन्न जंतूंना सर्वात जास्त मानवते. कोरडे बिस्कीट पोषणात कमी पडेल, पण साडेपाच तास दप्तरात राहिले म्हणून त्याने उलट्या होणार नाहीत. भाताचे तसे नाही. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू तांदळात असतात आणि ते शिजवताना मरत नाहीत. भात बराच वेळ कोमट राहिला की ते रुजतात, जिवाणू वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारे हे विष उष्णतेला दाद देत नाही. त्यामुळे मधल्या सुट्टीत तोच भात पुन्हा वाफाळता गरम केला तरी धोका टळत नाही. सोललेले अंडे किंवा हाताने कुस्करलेला पदार्थ असेल तर तिथे त्वचेवरचा स्टॅफिलोकोकस नावाचा जिवाणू हातांवाटे अन्नात जातो, आणि त्याने तयार केलेले विषही गरम करून जात नाही. म्हणून ‘आम्ही मायक्रोवेव्ह ठेवला आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. अन्न मधला सगळा वेळ पुरेसे गरम किंवा पुरेसे थंड राहिले का, एवढेच विचारायला हवे.

गरम डब्याची रीत ठरलेली आहे. थर्मासचा डबा घ्यायचा, त्यात काठोकाठ उकळते पाणी भरून झाकण लावून ५ ते १० मिनिटे ठेवायचे, मग पाणी ओतून टाकून लगेच वाफा येणारे अन्न भरायचे. डबा गळ्यापर्यंत भरलेला हवा. अर्धवट भरला तर आतल्या मोकळ्या जागेमुळे अन्न लवकर निवते, आणि लहान मुलाची भूक थोडी म्हणून मोठ्या डब्यात थोडेसे अन्न घातले जाते तेव्हा हेच होते. दुसरी अडचण झाकणाची. आतली वाफ निवून आकसली की झाकण आत ओढले जाते आणि सहा वर्षांच्या मुलाला ते फिरवता येत नाही. दाब सोडणारी कळ असलेले झाकण मिळाले तर ठीक, नाहीतर कोणा मोठ्या माणसाने ते सैल करून द्यायला हवे. एवढा वेळ देणारे माणूस मधल्या सुट्टीत वर्गात नसेल तर भरलेला डबा तसाच घरी परत येतो आणि ‘मूल खात नाही’ असा शेरा पडतो. काही शाळा जड धातूचे डबे आणू देत नाहीत, मुलांना लागेल म्हणून. त्यांची काळजी आम्हाला समजते. पण मग गरम अन्न सुरक्षित पाठवण्याचा मार्गच बंद होतो, हेही त्याच पत्रकात मान्य करावे आणि त्या दिवसापासून गरम जेवणाचा आग्रह सोडावा.

सकाळच्या तपासणीचा इथे थेट संबंध येतो. नऊ वाजता थर्मास उघडून पाहिला की साठलेली वाफ जाते आणि अन्न ६० अंशांच्या खाली लवकर उतरते. इतक्या काळजीने भरलेला डबा सुरक्षित ठेवण्याऐवजी तपासणी त्याला धोक्याच्या पट्ट्यात ढकलते.

थंड डब्याला बर्फाच्या जेलच्या दोन पिशव्या लागतात, एक तळाशी आणि एक वर, आणि बाहेरून उष्णतारोधक पिशवी. अन्न आधी फ्रिजमध्ये पूर्ण गार करून मगच भरायचे, कारण कोमट अन्नाशेजारी ठेवलेला बर्फ ते अन्न गार करण्यातच संपून जातो. एवढे करूनही खात्री नसते. टेक्सासमधल्या बालशाळांत सातशेहून अधिक डब्यांची तपासणी करून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नव्वद टक्क्यांहून जास्त नाशवंत पदार्थ असुरक्षित तापमानाला आढळले. बर्फाच्या एकाहून अधिक पिशव्या घातलेल्या डब्यांतही बहुतेक पदार्थांची गत तीच होती. पालकांनी घरी सगळे केले तरी ते पुरत नाही. पुढचा अर्धा भाग शाळेचा आहे. सावलीतले रॅक, प्रत्येक वर्गाला झाकणाची एक मोठी शीतपेटी, आणि सकाळी त्यात डबे ठेवण्याची शिस्त, एवढ्याने बराच फरक पडतो. शाळेने एकच काम केले तरी आमच्या या तक्रारीचा निकाल लागेल: अन्नात खुपसायचा एक थर्मामीटर घ्या, सर्वात उकाड्याच्या आठवड्यात मधली सुट्टी सुरू होताना रोज दहा डब्यांचे तापमान मोजा आणि आकडे फळ्यावर लावा. एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाताना थर्मामीटरची सळई साबणाने धुवा, अन्यथा एकाच्या डब्यातला ॲलर्जीचा पदार्थ दुसऱ्याच्या डब्यात जाईल.

दुसरी तक्रार वेळेची.

वेळापत्रकात मधली सुट्टी ३० मिनिटांची असते. वर्गात ३० मुले आणि नळ दोन, असे धरा. हात ओले करणे, २० सेकंद साबण चोळणे, धुणे, पुसणे आणि मागच्याला जागा देणे याला प्रत्येकी ४० सेकंद लागले तर सगळ्यांचे हात धुऊन व्हायला १० मिनिटे जातात. जागेवर येऊन डबा काढून उघडण्यात तीन-चार मिनिटे, शेवटी आवरून रांगेत उभे राहण्यात तेवढीच. रांगेत शेवटी उभ्या असलेल्या मुलाला खायला १२ ते १४ मिनिटे उरतात. मुलाला बसून खायला निदान २० मिनिटे मिळावीत अशी बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे, आणि ही २० मिनिटे मूल डब्यासमोर बसल्यापासून मोजायची असतात. अमेरिकेतल्या शाळांमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. २० मिनिटांहून कमी वेळ मिळालेल्या मुलांनी, निदान २५ मिनिटे मिळालेल्या मुलांच्या तुलनेत, मुख्य पदार्थ १३ टक्के आणि भाज्या १२ टक्के कमी खाल्ल्या.

वेळ कमी पडला की काय मागे राहते, हे डबा धुणाऱ्याला रोज दिसते. चावावे लागणारे सगळे मागे राहते: कच्ची भाजी, सालासकटचे फळ, कडधान्य. मऊ आणि गोड आधी संपते. मग शाळा म्हणते मुलांना भाजी आवडत नाही, आणि नियम आणखी कडक होतो. उपाय साधा आहे. आधी खेळ आणि मग जेवण, असा क्रम लावला तर मुले भुकेली येतात आणि खेळायला पळण्यासाठी घास कोंबत नाहीत. नळ वाढवणे खर्चाचे आहे हे आम्ही जाणतो. पण वर्गांच्या सुट्ट्या पाच-पाच मिनिटांनी पुढेमागे केल्या तर नव्या नळांशिवायही रांग कमी होते.

घाईचा एक धोका यादीत कधीच नसतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात अख्खे द्राक्ष, छोटा गोल टोमॅटो, अख्खा दाणा, मक्याच्या लाह्या, कडक गोळी किंवा गाजराची गोल चकती अडकू शकते. गोल आणि दाबल्यावर आकार बदलणारी वस्तू श्वासनलिकेवर बुचासारखी बसते. म्हणून द्राक्ष उभे चिरून चार भाग करायचे. आडवे दोन तुकडे केले तरी गोल आकार राहतोच. गाजराच्या चकत्या न करता पातळ उभ्या काड्या कराव्यात किंवा ते मऊ शिजवावे. ‘डब्यात फळ हवेच’ असे लिहिताना ते कसे चिरायचे हेही लिहा. धावत, हसत, बोलत खाणाऱ्या मुलाला बसवणारे आणि अडकलेला घास बाहेर काढण्याचे प्रशिक्षण घेतलेले एक तरी मोठे माणूस त्या खोलीत हवे.

तिसरी तक्रार शेंगदाणा-बंदीची, आणि इथे जिवाचा प्रश्न आहे.

‘ही शाळा शेंगदाणामुक्त आहे’ अशी पाटी लावली की सगळ्यांना हायसे वाटते. तेच धोक्याचे आहे. ॲलर्जी दूध, अंडी, गहू, सोया, तीळ, मासे, कवचधारी जलचर आणि झाडावरच्या सुक्या मेव्याचीही असते, आणि लहान मुलांत दूध-अंड्याची ॲलर्जी मुळीच दुर्मीळ नाही. पाटीवर फक्त एक नाव असते. शिवाय ‘यात अमुक असू शकते’ ही पाकिटावरची ओळ अनेक ठिकाणी उत्पादक स्वेच्छेने छापतात. ती नसली म्हणजे पदार्थ निर्धोक ठरत नाही. २०२१ साली एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने शाळा आणि बालसंगोपन केंद्रांसाठी शिफारशी प्रसिद्ध केल्या. सरसकट बंदी घालण्याकडे त्यांचा कल नाही. कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, प्रत्येक ॲलर्जिक मुलाची लेखी कृतियोजना आणि शाळेत हाताशी असलेले ॲड्रेनॅलिन (तीव्र झटक्यावरचे तातडीचे इंजेक्शन) यांवर त्यांचा भर आहे. उपलब्ध पुरावा फार भक्कम नाही, हेही त्यांनी स्पष्ट म्हटले आहे. आमचे मत असे: अगदी लहान मुलांच्या खोलीत, जिथे अन्न हातातोंडाला आणि खेळण्यांना लागते, तिथे त्या खोलीपुरती बंदी समजण्यासारखी आहे. मोठ्या मुलांच्या संपूर्ण शाळेत ती इतर तयारीची जागा घेऊ शकत नाही.

तयारी कोणती? जेवणाआधी आणि जेवणानंतर साबणाने हात धुणे. शेंगदाण्याचे प्रथिन साबण-पाण्याने किंवा ओल्या वाइपने निघते. नुसत्या पाण्याने किंवा सॅनिटायझरने हमखास निघत नाही, कारण सॅनिटायझर जंतू मारतो, प्रथिन पुसत नाही. दाराशी सॅनिटायझरची बाटली ठेवून ॲलर्जीची काळजी घेतली असे समजणाऱ्या शाळांनी हे कृपया लक्षात घ्यावे. बाक डिटर्जंटने पुसायचे. डब्यातला घास एकमेकांना द्यायचा नाही, हा नियम मात्र ठाम ठेवावा. तो आम्हालाही हवा आहे.

आणि झटका आलाच तर क्रम चुकायला नको. अंगावर गांधी, ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, श्वासाला घरघर, सतत खोकला, वारंवार उलट्या, एकदम मलूल होणे, यांत श्वास किंवा रक्ताभिसरण बिघडल्याचे चिन्ह दिसले की लगेच ॲड्रेनॅलिन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध. गरज पडली तर कपड्यावरूनही. मुलाला आडवे झोपवून पाय उंच करायचे. श्वास घेता येत नसेल तर पाय लांब करून बसवायचे. उभे करायचे नाही, कार्यालयापर्यंत चालवत न्यायचे नाही; उभे राहिल्याने रक्तदाब अचानक कोसळू शकतो. त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवायची. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरा डोस. ॲलर्जीची गोळी किंवा सिरप खाज कमी करते, पण बंद होणारा श्वास मोकळा करत नाही. ती देऊन वाट बघत बसणे ही सर्वात महागात पडणारी चूक आहे. इंजेक्शनचे पेन कुलूपबंद कपाटात नको, उन्हात नको, फ्रिजमध्येही नको, आणि त्याची मुदत दर महिन्याला तपासायला हवी. जिथे पेन मिळत नाही तिथे डॉक्टरांनी लिहून दिलेली पर्यायी व्यवस्था आणि ती वापरू शकणारे माणूस हवे. या परिच्छेदातले किती शाळेत आज तयार आहे, हे आपणच तपासून पाहावे.

चौथी तक्रार साखरेच्या नियमांची. चॉकलेट बंद, पण फळांचा रस चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की मुक्त साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत. दिवसाला १४०० कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी १० टक्के म्हणजे ३५ ग्रॅम. २०० मिलिलिटर रसात साधारण २० ग्रॅम साखर असते, आणि रसातली साखर, मध आणि सिरप हे सगळे मुक्त साखरेतच मोजले जाते. अख्ख्या फळातली आणि साध्या दुधातली साखर त्यात धरत नाहीत. यादी करायची तर निदान हा फरक तरी तिच्यात उतरावा. दातांचा विचार केला तर प्रमाणाइतकेच महत्त्व वेळांना आहे. प्रत्येक वेळी गोड खाल्ले की तोंडातली आम्लता वाढते आणि ती उतरायला अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागतो. जेवणाबरोबर खाल्लेला गोडाचा लहान तुकडा दिवसभर थोडी थोडी चघळलेल्या ‘आरोग्यदायी’ मनुकांपेक्षा दातांना कमी त्रास देतो.

याच नियमाचा एक वाईट परिणाम टाइप १ मधुमेह असलेल्या मुलावर होतो. त्याची रक्तशर्करा ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की लगेच, त्याच जागी, पटकन शोषली जाणारी साखर लागते: सर्वसाधारणपणे १५ ग्रॅम, लहान मुलाला वजनाप्रमाणे कमी. ४ ग्रॅमच्या तीन-चार ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साधारण १५० मिलिलिटर रस. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे. चॉकलेट इथे कामाचे नाही, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर हळू शोषली जाते. अशा मुलाच्या खिशातल्या गोळ्या ‘गोड वस्तू’ म्हणून काढून घेणे, किंवा त्याला एकट्याला कार्यालयात पाठवणे, हे कधीही घडता कामा नये. तोंडी समज पुरत नाही, बदली शिक्षकाला ती माहीत नसते. हा अपवाद पत्रकातच छापलेला हवा.

पाचवी तक्रार डबे तपासण्याची आणि खाऊ काढून घेण्याची. डबा मुलाने भरलेला नसतो. तो काय घालायचा हे घरातले मोठे ठरवतात, घरातला वेळ आणि पैसा ठरवतो. वर्गासमोर त्याचा डबा उघडून ‘हे चालणार नाही’ म्हटले की शिक्षा मुलाला होते, आणि काढून घेतलेल्या पदार्थाच्या जागी त्याच्या पोटात दुसरे काहीच जात नाही. जेनिफर फिशर आणि लीॲन बर्च या मुलांच्या खाण्याच्या सवयींच्या अभ्यासकांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसले, की समोर दिसणारा पण मनाई केलेला पदार्थ मुलांना जास्त हवासा होतो. त्याच्याबद्दल ती जास्त बोलतात, तो मागतात. चांगल्या उत्तरासाठी गोळी देणाऱ्या शाळेनेही याचा विचार करावा. डब्यातले चॉकलेट वाईट आणि बाईंनी दिलेले चॉकलेट बक्षीस, हे मुलाने कसे समजून घ्यायचे? बक्षीस म्हणून खायला देणे पूर्ण बंद करावे. ‘डबा संपवल्याशिवाय खेळायला जायचे नाही’ हा नियमही तितकाच चुकीचा आहे. किती खायचे हे पोट भरलेल्या मुलालाच कळते. तपासणीबद्दल आणखी एक व्यावहारिक गोष्ट: एकच व्यक्ती हात न धुता ३० डबे उघडते तेव्हा ॲलर्जीचे पदार्थ एका डब्यातून दुसऱ्यात नेण्याचे काम तीच करत असते.

स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुले, आणि ठरावीक रंगाचे, पोताचे, ठरावीकच पदार्थ खाऊ शकणारी मुले यांच्यासाठी यादी जशीच्या तशी लागू करणे म्हणजे त्यांना उपाशी ठेवणे आहे. डॉक्टरांचे किंवा उपचारतज्ज्ञांचे एक पत्र पूर्ण शालेय काळासाठी पुरेसे मानावे. दर सत्राला नवे प्रमाणपत्र मागू नये.

वाढदिवसाच्या खाऊबद्दल आम्ही शाळेच्या बाजूने आहोत. ३० मुलांच्या वर्गात आणि साधारण २०० दिवसांच्या शालेय वर्षात, सुट्टीतले वाढदिवसही शाळेत साजरे झाले तर, शाळेच्या सरासरी दर सात दिवसांना एक वाढदिवस येतो, आणि प्रत्येक वेळी ॲलर्जी असलेले मूल बाजूला बसते. पण बंदीऐवजी महिन्यातून एकदा, सगळ्यांचा मिळून, दोन दिवस आधी घटकांची यादी कळवून असा दिवस ठेवला तर आनंदही राहील आणि पथ्यही.

आमच्या मागण्या अशा:

१. पदार्थांच्या यादीआधी शाळेची जबाबदारी लिहावी: डबे ठेवण्याची सावलीची आणि शक्य तिथे थंड जागा, आणि उकाड्याच्या आठवड्यात मोजलेले तापमान.

२. बसून खाण्यासाठी प्रत्येक मुलाला २० मिनिटे. खेळ आधी.

३. प्रत्येक नळापाशी साबण, रोज, सुट्टी सुरू होण्यापूर्वी भरलेला.

४. ॲलर्जी असलेल्या प्रत्येक मुलाची लेखी कृतियोजना, तिची प्रत वर्गात आणि बदली शिक्षकाच्या फाइलमध्ये. वर्षातून निदान एकदा सर्व कर्मचाऱ्यांकडून प्रत्यक्ष सराव, ज्यात सरावाचे पेन हातात घेऊन वापरले जाईल. फक्त पत्रक वाचून दाखवणे म्हणजे सराव नव्हे.

५. डबे उघडून तपासणे आणि अन्न काढून घेणे बंद. आक्षेप असेल तर मुलाला न सांगता पालकांना कळवावे. ॲलर्जीमुळे एखादा पदार्थ खरोखरच बाजूला ठेवावा लागला तर त्या मुलाला त्याच वेळी दुसरे खायला द्यावे.

६. मधुमेह आणि इतर वैद्यकीय कारणांसाठीचे अपवाद पत्रकात छापावेत.

७. खाणे हे बक्षीस किंवा शिक्षा म्हणून वापरू नये.

८. पुढचे पत्रक छापण्यापूर्वी त्याचा मसुदा पालकांना आणि शिक्षकांना दाखवावा. या पत्रातल्या कोणत्या मागण्या मान्य, कोणत्या अमान्य आणि का, हे लेखी कळवावे. ज्या मागणीला पैसे किंवा माणसे कमी पडतात, तिथे तसे स्पष्ट सांगावे. मधल्या सुट्टीत लहान मुलांची झाकणे उघडून देण्यापासून शीतपेट्या भरण्यापर्यंत पाळीपाळीने यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
शाळेत रोज डबा पाठवणारे पालक